ऑस्करचा अंदाज बांधताना: आधी मतदार, मग चित्रपट

ऑस्करच्या विजेत्यांचा अंदाज बांधायला बसलेला माणूस साधारणपणे सर्वोत्कृष्ट चित्रपटापासून सुरुवात करतो, मग अभिनेता-अभिनेत्री, मग दिग्दर्शक, आणि शेवटी उरलेले विभाग घाईघाईत भरून मोकळा होतो. चुका याच क्रमातून होतात. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नाव एकदा लिहून टाकलं की बाकीचे विभाग नकळत त्याच्या बाजूने झुकतात, आणि पुढे हाती येणारा प्रत्येक पुरावा त्या नावाच्या सोयीने वाचला जातो. खाली दिलेला क्रम उलटा वाटेल, पण त्याच क्रमाने जा.

टप्पा १: तक्ता आखा आणि आवड वेगळी काढा

२०२६ च्या सोहळ्यापासून कास्टिंगचा पुरस्कार नव्याने आला आणि विभागांची संख्या २४ झाली. प्रत्येक विभागाला एक ओळ द्या. रकाने सहा: नामांकनं, माझी आवड, माझा अंदाज, खात्री किती टक्के, कारण, आणि शेवटचा बदल कधी केला ती तारीख.

‘माझी आवड’ हा रकाना सगळ्यात आधी भरा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. तो भरायचा कारण आवड कागदावर उतरली नाही तर ती अंदाजात शिरते. ज्या विभागात आवड आणि अंदाज एकच निघतील, तिथे कारणाच्या रकान्यात किमान एक पुरावा असा हवा ज्याचा तुमच्या आवडीशी काही संबंध नाही. तो सापडत नसेल तर तुम्ही अंदाज केलेला नाही, इच्छा व्यक्त केली आहे.

वर्ष लिहिताना एक गफलत हमखास होते. ऑस्कर मार्चमध्ये मिळतो, तो आदल्या वर्षीच्या चित्रपटांना. काही जण चित्रपटाचं वर्ष लिहितात, काही जण सोहळ्याचं. जुन्या निकालांशी ताळा करताना दोन्ही पद्धती मिसळल्या की सगळी मांडणी एका वर्षाने सरकते. या लेखात सगळीकडे सोहळ्याचं वर्ष धरलं आहे.

टप्पा २: कोण मत देतं ते आधी समजून घ्या

ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे मतदार दहा हजारांच्या आसपास आहेत. ते शाखांमध्ये विभागलेले आहेत: अभिनय, दिग्दर्शन, लेखन, छायाचित्रण, संकलन वगैरे. सर्वांत मोठी शाखा अभिनेत्यांची. नामांकनाच्या वेळी बहुतेक विभागांत त्या-त्या शाखेचेच लोक मत देतात. संकलकांना संकलक निवडतात, दिग्दर्शकांना दिग्दर्शक. अंतिम फेरीत मात्र सगळे सदस्य सगळ्या विभागांत मत देऊ शकतात (२०२६ पासून त्याला एक अट आहे, ती टप्पा ८ मध्ये).

नामांकन म्हणजे जाणकारांची पसंती आणि विजय म्हणजे साऱ्या गावाची. छायाचित्रणाच्या शाखेला जे बारीक काम दिसतं, ते पटकथाकाराला किंवा प्रसिद्धी विभागातल्या सदस्याला दिसेलच असं नाही. म्हणून नामांकनांची बेरीज करून विजेता ठरवू नका. ‘द आयरिशमन’ला १० नामांकनं होती, ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’लाही १०. दोघांना एकही पुरस्कार मिळाला नाही. ‘कोडा’ला फक्त ३ नामांकनं होती, तिन्ही पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटही आला.

मतमोजणीच्या दोन पद्धती आहेत. सर्वोत्कृष्ट चित्रपट सोडून बाकी विभागांत साधा हिशोब: ज्याला सर्वाधिक मतं, तो विजेता. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०१० पासून पसंतीक्रम लावतात आणि २०२२ पासून या विभागात नेमकी १० नामांकनं असतात. मतदार क्रम लावतो. कोणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. निम्म्याचा आकडा ओलांडला जाईपर्यंत हे चालू राहतं.

शंभर मतदार आणि शेवटी उरलेले तीन चित्रपट धरून पाहा. ‘क’ला ४०, ‘ख’ला ३५, ‘ग’ला २५. ‘ग’ बाद झाला. त्याच्या मतदारांपैकी २० जणांची पुढची पसंती ‘ख’ आणि ५ जणांची ‘क’. निकाल: ‘ख’ ५५, ‘क’ ४५. सुरुवातीला आघाडीवर असलेला हरला, कारण त्याचे चाहते कट्टर होते आणि बाकीच्यांना तो नकोसा होता. या विभागात म्हणूनच ‘कोणाला सर्वांत जास्त लोक डोक्यावर घेतात’ एवढंच विचारून भागत नाही. ‘कोणाला कमीत कमी लोक तळाशी टाकतील’ हेही विचारावं लागतं.

तपासणी: पुढे जाण्याआधी स्वतःला विचारा, या वर्षीच्या दहांपैकी भांडणं लावणारे चित्रपट कोणते आणि कोणाचाच फारसा विरोध नसलेले कोणते? दोन याद्या करून बाजूला ठेवा. त्या टप्पा ६ मध्ये लागतील.

टप्पा ३: इतर पुरस्कारांना वजन द्या, नुसते मोजू नका

जानेवारीपासून मार्चपर्यंत पुरस्कारांची रांग लागते. ‘याला पाच मिळाले, त्याला तीन’ ही मोजणी फसवी आहे, कारण प्रत्येक पुरस्काराचा मतदार वेगळा असतो.

गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस पत्रकार-समीक्षक देतात. अकादमीच्या मतदार यादीशी त्यांचा जवळपास संबंध नाही. त्यांनी हवा तयार होते, पण ती मतं नव्हेत. प्रोड्यूसर्स गिल्ड (निर्मात्यांची संघटना), डायरेक्टर्स गिल्ड (दिग्दर्शकांची संघटना), अभिनेत्यांची संघटना आणि बाफ्टा (ब्रिटिश चित्रपट पुरस्कार) यांचे काही मतदार अकादमीतही आहेत, त्यामुळे त्यांचं वजन जास्त. त्यातही प्रोड्यूसर्स गिल्डला विशेष महत्त्व, कारण तिथेही सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाचीच पद्धत आहे.

२०२५ चा हंगाम याचा चांगला नमुना आहे. ५ जानेवारीला गोल्डन ग्लोबमध्ये ‘अनोरा’ रिकाम्या हाती परतला, आणि त्या रात्री त्याला बाद ठरवणारे कमी नव्हते. ७ फेब्रुवारीला क्रिटिक्स चॉइस, ८ फेब्रुवारीला एकाच दिवशी प्रोड्यूसर्स आणि डायरेक्टर्स गिल्ड, तिन्ही ‘अनोरा’ने घेतले. मार्चमध्ये त्याला पाच ऑस्कर मिळाले. बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा सामूहिक अभिनयाचा पुरस्कार दोन्ही ‘कॉन्क्लेव्ह’ला मिळाले होते, तरीही.

या टप्प्यावर एक कॅलेंडर हवंच. त्यात प्रत्येक पुरस्काराची तारीख आणि अकादमीचं अंतिम मतदान कधी उघडतं, कधी बंद होतं ते लिहा. २०२५ मध्ये मतदान १८ फेब्रुवारीला संपलं आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा सोहळा २३ फेब्रुवारीला झाला. म्हणजे तिथे टिमोथी शालामेला मिळालेल्या पुरस्काराने आणि त्या भाषणाने एकही ऑस्कर मत हललेलं नाही. तो पुरस्कार अभिनेत्यांची आवड सांगतो, पण ‘आता वारं फिरलं’ हे वाक्य तिथे गैरलागू होतं. ऑस्कर एड्रियन ब्रोडीला मिळाला.

सावधान: मतदान बंद झाल्यानंतरची कोणतीही बातमी, मुलाखत किंवा वाद अंदाजात धरू नका. मतदान सुरू होण्याआधीचा वाद मात्र जरूर धरा. त्याच वर्षी ‘एमिलिया पेरेझ’ला १३ नामांकनं होती, नामांकनांनंतर मुख्य अभिनेत्रीच्या जुन्या पोस्टवरून वादळ उठलं आणि शेवटी दोनच पुरस्कार हाती लागले.

टप्पा ४: दिग्दर्शक आणि पटकथा भरा

सुरुवात दिग्दर्शकापासून करा, कारण इथला पुरावा सगळ्यात भक्कम आहे. १९४० च्या दशकाअखेर डायरेक्टर्स गिल्डचा पुरस्कार सुरू झाला तेव्हापासून २०२५ पर्यंत त्यांचा विजेता आणि ऑस्करविजेता दिग्दर्शक यांच्यात फक्त आठ वेळा फरक पडला. त्या आठातही तीन वेळा (१९८६ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग, १९९६ मध्ये रॉन हॉवर्ड, २०१३ मध्ये बेन ॲफ्लेक) गिल्डच्या विजेत्याला ऑस्करचं नामांकनच नव्हतं. म्हणजे समोरासमोर लढून हरल्याच्या घटना पाचच. इथे वेगळं नाव लिहायचं असेल तर कारणही तेवढंच मोठं हवं.

पटकथेत लोक रायटर्स गिल्डवर डोळे झाकून विसंबतात. दोन गोष्टी आधी पाहा. एक, गिल्डच्या कराराबाहेर लिहिलेल्या पटकथा तिथे स्पर्धेतच नसतात, त्यामुळे तिथला विजेता कधी कधी अर्ध्याच मैदानावर जिंकलेला असतो. दोन, विभाग बदलू शकतो. ‘मूनलाइट’ आणि ‘बार्बी’ रायटर्स गिल्डमध्ये स्वतंत्र पटकथा म्हणून होते, ऑस्करमध्ये रूपांतरित. नाव एकाच ठिकाणी दिसतं म्हणून स्पर्धक तेच आहेत असं समजू नका.

माझ्या मते पटकथा हा अकादमीचा सांत्वनाचा विभाग आहे. जो चित्रपट लोकांना मनापासून आवडला पण मोठ्या पुरस्कारापर्यंत पोहोचेलसं वाटत नाही, त्याला इथे मत पडतं. दोन नावांत अडकलात तर हे लक्षात ठेवा.

टप्पा ५: अभिनयाचे चार विभाग

सहायक अभिनयाचे दोन विभाग बहुतेक वर्षी फेब्रुवारीपर्यंत निकालात निघालेले असतात. २०२५ मध्ये किरन कल्किन आणि झोई सल्डाना यांनी वाटेतले सगळे मोठे पुरस्कार घेतले आणि ऑस्करही. अशा ठिकाणी हुशारी करू नका. नाव लिहा आणि पुढे चला.

खरा वेळ मुख्य भूमिकांवर घालवा, तोही अभिनेत्यांची संघटना आणि बाफ्टा वेगवेगळी नावं सांगतात तेव्हा. अलीकडचा हिशोब असा. २०२१ मध्ये संघटनेने चॅडविक बोसमन आणि व्हायोला डेव्हिस यांना निवडलं, बाफ्टाने अँथनी हॉपकिन्स आणि फ्रान्सिस मॅक्डोरमंड यांना. ऑस्कर बाफ्टाच्या बाजूने गेले. २०२३ मध्ये संघटनेचे ब्रेंडन फ्रेझर आणि मिशेल यो जिंकले, बाफ्टाचे ऑस्टिन बटलर आणि केट ब्लँचेट हरले. २०२४ मध्ये लिली ग्लॅडस्टोन विरुद्ध एमा स्टोन, पुन्हा बाफ्टा. २०२५ मध्ये एड्रियन ब्रोडी आणि मायकी मॅडिसन, दोघंही बाफ्टाचे.

यावरून ‘बाफ्टा खरा’ असा नियम काढायचा मोह होतो. तो टाळा. आधी पाहा की दोघे स्पर्धक त्या पुरस्कारात समोरासमोर होते का. २०२१ मध्ये व्हायोला डेव्हिसला बाफ्टाचं नामांकनच नव्हतं. २०२४ मध्ये लिली ग्लॅडस्टोनलाही नव्हतं. प्रतिस्पर्धीच मैदानात नसताना मिळालेला विजय किती वजनाचा, ते तुम्हीच ठरवा. याउलट २०२३ मध्ये यो आणि ब्लँचेट दोन्हीकडे समोरासमोर होत्या.

बरोबरीची लढत सुटत नसेल तर चित्रपटाकडे बघा. २०२१, २०२३ आणि २०२५ या तिन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री सर्वोत्कृष्ट चित्रपटातूनच आली. आधीची बरीच वर्षं असं होत नव्हतं. २००५ नंतर थेट २०२१ उजाडलं. त्यामुळे याला नियम म्हणू नका, पण तराजू अगदी समतोल असेल तेव्हा हे वजन टाकायला हरकत नाही.

तपासणी: चारही नावांपुढे ‘कोणाला हरवून जिंकले’ हे लिहा. एखाद्या ठिकाणी ते लिहिता येत नसेल तर तुम्ही फक्त मथळा वाचला आहे.

टप्पा ६: आता सर्वोत्कृष्ट चित्रपट

प्रोड्यूसर्स गिल्ड आणि ऑस्कर या दोघांनी पसंतीक्रम सुरू केल्यापासून, म्हणजे २०१० ते २०२५ या सोळा सोहळ्यांत, गिल्डचा अंदाज तीनदा चुकला: २०१६ मध्ये ‘द बिग शॉर्ट’, २०१७ मध्ये ‘ला ला लँड’, २०२० मध्ये ‘१९१७’. (२०१४ मध्ये गिल्डमध्येच बरोबरी झाली होती आणि त्यातला एक जिंकला.) त्यामुळे गिल्डचा विजेता हे तुमचं मूळ उत्तर. ते बदलायचं का, हा खरा प्रश्न.

बदलण्याआधी गिल्डच्या विजेत्यात काय उणं आहे ते शोधा. २०२० मध्ये ‘१९१७’ने गोल्डन ग्लोब, प्रोड्यूसर्स गिल्ड, डायरेक्टर्स गिल्ड आणि बाफ्टा सगळं घेतलं होतं, पण त्याला संकलनाचं नामांकन नव्हतं आणि अभिनयाचंही एकही नव्हतं. सर्वांत मोठी शाखा अभिनेत्यांची, आणि त्यांच्या संघटनेने सामूहिक अभिनयाचा पुरस्कार ‘पॅरासाइट’ला दिला होता. पाल चुकचुकायला एवढं पुरेसं होतं.

मात्र ‘अमुक नामांकन नाही म्हणजे जिंकणं अशक्य’ अशी वाक्यं आयुष्य टांगणीला लावण्याइतकी पक्की नसतात. संकलनाच्या नामांकनाशिवाय ‘बर्डमॅन’ २०१५ मध्ये जिंकला. दिग्दर्शनाच्या नामांकनाशिवाय ‘आर्गो’ आणि ‘ग्रीन बुक’ जिंकले. ‘कोडा’कडे तर दोन्ही नव्हती.

मग टप्पा २ मधल्या त्या दोन याद्या काढा. आघाडीचा चित्रपट भांडणं लावणाऱ्या यादीत असेल आणि मागून येणारा कोणाच्याच डोळ्यांत न खुपणारा असेल, तर २०२२ आठवा. ‘द पॉवर ऑफ द डॉग’ला १२ नामांकनं होती आणि मिळाला एकच पुरस्कार, दिग्दर्शनाचा. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘कोडा’.

सावधान: चित्रपट आणि दिग्दर्शक एकाच नावाने भरणं ही सवय आहे, नियम नव्हे. २०१३ ते २०२२ या दहा सोहळ्यांपैकी सहांत हे दोन पुरस्कार वेगळ्या चित्रपटांना गेले. २०२३ ते २०२५ अशी तीन वर्षं पुन्हा एकाच चित्रपटाला. दोन्ही शक्यता खुल्या ठेवा आणि त्या वर्षाचे पुरावे काय सांगतात ते बघा.

टप्पा ७: तांत्रिक विभाग

इथे गिल्डचे निकाल वाचताना एक खाच आहे. वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संकलनाच्या गिल्डमध्ये पुरस्कार प्रकारवार वाटलेले असतात: ऐतिहासिक काळाचा वेगळा, कल्पनारम्य वेगळा, आजच्या काळातला वेगळा, संकलनात नाट्य आणि विनोदी वेगळे. ऑस्करला त्या सगळ्यांतून एकच निवडायचा असतो. म्हणजे ‘गिल्डचा विजेता’ म्हणून तीन-तीन नावं समोर येतात आणि प्रत्येकाचे चाहते आपलंच नाव पुढे करतात.

काही कल हाताशी ठेवा. वेशभूषेत आजच्या काळातले कपडे क्वचित जिंकतात. रंगभूषेत अभिनेत्याचा चेहरामोहरा बदललेला असेल आणि त्याच भूमिकेला अभिनयाचा पुरस्कारही मिळणार असेल, तर दोन्ही बरोबर येतात. ‘डार्केस्ट अवर’ आणि ‘द व्हेल’ ही उदाहरणं. ध्वनीत संगीत, युद्ध आणि शर्यतीचे चित्रपट पुढे असतात, आणि संकलन पुष्कळदा ध्वनीच्या मागे जातं: ‘व्हिप्लॅश’, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘साउंड ऑफ मेटल’. दृश्य परिणामांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन असलेला दावेदार जड असतो. तरी २०१६ मध्ये ‘एक्स माकिना’ने अशा तिघांना मागे टाकलं होतं.

टप्पा ८: जिथे लोक नाणं उडवतात ते विभाग

आंतरराष्ट्रीय चित्रपटाचा विभाग अवघड समजला जातो, पण बहुतेक वर्षी तो सोपा असतो. त्या पाचांपैकी कोणाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही नामांकन आहे का, एवढंच बघा. ‘रोमा’, ‘पॅरासाइट’, ‘ड्राइव्ह माय कार’, ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’: सगळे असेच जिंकले. २०२५ मध्ये असे दोन होते, तिथे वादात न सापडलेला ‘आय ॲम स्टिल हिअर’ जिंकला.

ॲनिमेशनमध्ये मोठ्या स्टुडिओचं नाव लिहून मोकळं होण्याचे दिवस गेले. २०२४ मध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’ आणि २०२५ मध्ये लाटव्हियाचा ‘फ्लो’ जिंकला. दोन्ही वेळा प्रोड्यूसर्स गिल्डने दुसऱ्याच चित्रपटाला निवडलं होतं, गोल्डन ग्लोबने मात्र हेच. ज्या पुरस्काराला टप्पा ३ मध्ये हलकं म्हटलं, तो इथे कामाला येतो. वजनं विभागागणिक बदलतात ती अशी.

माहितीपटात महोत्सवांची बक्षिसं पाहून फसू नका. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ला सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत गौरव मिळाला होता, २०२३ चा ऑस्कर ‘नवाल्नी’ला गेला. महोत्सवात मोजके परीक्षक बसून चर्चा करतात, ऑस्करला हजारो जण एकट्याने मत देतात. आणि आपल्या देशाचं नाव यादीत असलं की खात्रीचा आकडा आपोआप दहा-पंधराने वाढतो. तो कमी करून लिहा. त्याच रात्री ‘नाटू नाटू’ जिंकलं, पण त्या गाण्याने आधीच गोल्डन ग्लोब आणि क्रिटिक्स चॉइस घेतले होते. तिथे अभिमानाला पुराव्याची जोड होती.

लघुपटांचे तिन्ही विभाग बघूनच भरा. दुसरा उपाय नाही. नुसतं कथानक वाचून ‘विषय गंभीर आहे, हाच जिंकेल’ असं ठरवणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

सावधान: २०२६ पासून नियम असा की एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याशिवाय सदस्याला त्या विभागाच्या अंतिम फेरीत मत देता येत नाही. ‘न पाहताच ओळखीच्या नावाला मत’ या गृहीतकावर उभे असलेले जुने ठोकताळे, विशेषतः टप्पा ७ आणि ८ मधले, आता थोड्या कमी टक्क्यांनी धरा.

टप्पा ९: टक्के लिहा, मग स्पर्धेचा विचार करा

प्रत्येक अंदाजापुढे खात्रीचा आकडा लिहा. १०० कुठेच नको. डायरेक्टर्स गिल्डचा पुरावाही तेवढा पक्का नाही. मग चोवीसही आकड्यांची बेरीज करून शंभराने भागा. उत्तर १७ आलं, तर तुम्हीच सांगता आहात की सात चुकणार. ते सात कोणते असण्याची शक्यता जास्त, हे तक्त्यातच दिसतं. उरलेला वेळ तिथेच घाला. बेरीज २२ आली तर आकडे फुगलेले आहेत.

मित्रांच्या चार-पाच जणांच्या स्पर्धेत सगळीकडे आघाडीचं नाव लिहिणारा सहसा पुढे असतो. शेकडो लोकांच्या स्पर्धेत तसं करून तुम्ही गर्दीतच राहता. तिथे दोन किंवा तीन विभाग निवडा, जिथे तुमच्या हिशोबाने दुसऱ्या क्रमांकाचं नाव जवळजवळ बरोबरीत आहे पण लोकांनी त्याला सोडून दिलं आहे, आणि तेवढ्याच ठिकाणी वेगळं नाव द्या. आठ ठिकाणी वेगळं नाव देणारा धाडसी नसतो, त्याने तक्ता नीट वाचलेला नसतो.

टप्पा १०: कुलूप आणि पडताळणी

अकादमीचं मतदान बंद झाल्यावर आणि शेवटच्या गिल्डचा निकाल आल्यावर एकदाच पूर्ण फेरतपासणी करा, मग तक्ता बंद करा. भारतात सोहळा सोमवारी पहाटे दिसतो. रविवारी रात्री कुठेतरी वाचलेल्या ‘आतल्या बातमी’वरून केलेला बदल हा सगळ्यात महागडा बदल असतो. मोह आवरत नसेल तर बदल वेगळ्या रकान्यात लिहा, मूळ अंदाज खोडू नका. दोन-तीन वर्षांनी दोन्ही रकान्यांचे गुण शेजारी ठेवून बघा.

निकालानंतर फक्त बरोबर-चूक मोजू नका. ज्या विभागांपुढे ९० लिहिलं होतं, ते दहापैकी नऊ वेळा बरोबर आले का? ५० लिहिलेले निम्मे आले का? आणि चुकलेल्या प्रत्येक ओळीत कारणाचा रकाना वाचा: पुरावा खोटा निघाला, की पुरावा बरोबर असून वजन चुकलं, की ‘माझी आवड’ तिथे येऊन बसली होती. पुढच्या वर्षीचा तक्ता आखताना या तीन प्रकारच्या चुकांसाठी एक सातवा रकाना वाढवा.